रुमालाखालचा सौदा

महामार्गाकडेच्या हॉटेलात, गार हॉलमध्ये,
लॉट नंबर एकवीस.
सात फूट बाय साडेअकरा. १९५४.
गुंडोपंत काकतकर, निपाणी.
शीर्षक नाही.
गुळगुळीत पुस्तकात छापलंय :
अतिवास्तववादी अमूर्त, तैलरंग, तागाच्या कापडावर.

ताग म्हणजे तंबाखूच्या बोदाचं गोणपाट.
कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
भाचा इथं जेवणाची टेबलं लावतो,
त्याच्या ओळखीनं आत आले,
शेवटच्या खुर्चीवर, खांबाआड.

वखारीत हिशेब लिहायचे गुंडोपंत.
दुपारी दार लावून रंगवायचे,
आणि बाहेर चाळणीवरच्या बाया म्हणायच्या,
दिवाणजीला लागिर झालंय.
एवढं मोठं कापड मिळेना,
तेव्हा आईनं सहा पोती उसवून जोडली,
दाभणानं, दोन रात्री,
कंदिलाची काच तडकेपर्यंत.
मजुरी ठरली चौदा आणे.
दोन आणे राहिले, ते राहिलेच.

काय आहे चित्रात?
मूत्रपिंडासारखं निळं काहीतरी,
त्यातून निघालेली शिडी, कशालाच न टेकलेली,
एक डोळा, पापणीच्या जागी माशाचे खवले,
आणि सगळीकडं जर्द्याचा पिवळा,
बघताना घसा खवखवतो असा.
आई म्हणायची, काय नाही गं,
खोकला हाय तो. आतनं बघितलेला.

पुण्याचे जाणकार काठीनं दाखवतात
मधली आडवी रेघ, उजवीकडं किंचित चढलेली.
"ही सीमा.
राज्यं वाटली जाण्याआधी दोन वर्षं
कलावंताला दिसलेली."
माना डोलतात,
मराठी माना, कन्नड माना,
आज पहिल्यांदा एका तालात.

खरं ती शिवण आहे.
तिथं दाभण घसरलं, आईच्या अंगठ्यात गेलं,
पुढचे टाके तिनं डाव्या हातानं घातले.
शिडीच्या पायाशी तांबूस डाग आहे,
त्याला पुस्तकात अख्खा परिच्छेद दिलाय.

नंतर किती पावसाळे
हे चित्र बोदांवर पांघरलेलं असायचं,
रंगाला पाणी धरत नाही म्हणून.
आता काच लावलीय.
नाहीतर पहिल्या रांगेला शिंका आल्या असत्या.

पुकारा सुरू. ऐंशी लाख. पंच्याऐंशी.
टेलिफोनवाली मुलगी तोंडावर हात धरून
कुठल्यातरी गावच्या रात्रीशी बोलते.
माझ्या पुढचे दोघं : "एष्टातु?"
"तोंबत्तु."
"अय्यो."
हात वर जातात, उघड्यावर, नंबराच्या पाट्या धरून.

आमच्याकडं सौदा असा नव्हता.
व्यापारी आणि दलाल, हातात हात, वरून रुमाल.
एक बोट, दोन बोटं, अंगठ्याचं पेर.
चेहरे दगडाचे.
बाया लांबून नुसत्या खांद्यांवरून
भाव ओळखायच्या,
आणि चुकायच्या नाहीत.

एक कोटी दहा.
एकवार.
चित्रातला तो खवल्यांचा डोळा
खांबाच्या कडेनं अर्धाच दिसतो मला.
दोनवार.
मी पदराखाली
माझ्याच डाव्या हाताची दोन बोटं
धरली.

हातोडा पडला, टाळ्या झाल्या, भाचा
चहा घेऊन आला, म्हणाला, मावशी, कप धर की.
मी म्हटलं, ठेव खाली.
हात मोकळा नाही.