वेढे

ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु…
तांब्याची तार बोटांतून सरकते
आणि मी कन्नडात मोजते.
बाकी सगळं माझं मराठीत :
भांडण, भाकरी, देवाला गाऱ्हाणं, उधारीची वही.
पण वेढे मराठीत मोजले की चुकतात.
ईरय्या मेस्त्रींनी शिकवलं, तसंच हाताला येतं.
हात काय,
ज्याच्याकडनं शिकला त्याचंच ऐकतो.

पहिल्यांदा आले ते नुसती गिऱ्हाईक म्हणून.
तीन एचपीची मोटर, जळकी,
सायकलच्या कॅरेजला सुंभानं आवळून
खानापूरपर्यंत ढकलत आणलेली.
मालक गोव्यात, हॉटेलच्या भटारखान्यात.
मलप्रभेला पाणी, आणि माझा ऊस वाळलेला.
मेस्त्री म्हणाले, आठ दिवस लागतील बाई,
पोरगं होतं हाताखाली, ते कंपनीत लागलंय.
मी म्हटलं, मग मला सांगा की काय करायचं ते.
हसले नाहीत.
पाट सरकवला,
जळकी कॉइल उपसायला दिली.

वार्निशचा वास केसांतून जात नाही,
शिकेकाई लावा नाहीतर शांपू.
पानपट्टीवर दीर म्हणाला,
‘बायकांनी मोटरी भरायच्या, मग आम्ही काय
भात कांडूलालोय काय गा?’
पुढच्या उन्हाळ्यात रात्री दीडच्या थ्री-फेजला
त्याचीच मोटर गेली.
स्वतः आला नाही, पोराला पाठवलं.
मी बिल पूर्ण लावलं.
बांबूच्या पट्ट्यांचे वीस रुपये तेवढे सोडले,
शेवटी घरचाच.

आता पावणेसातला फाट्यावर कंपनीची बस येते,
पांढरी, काळ्या काचांची.
पोरं गळ्यात पट्टा अडकवून चढतात,
पट्ट्याला फोटो,
फोटोत एकही हसत नाही.
पैरा मोडला.
आज लुमाण्णाच्या रानात, उद्या आमच्या,
परवा भावकूच्या, असं वाकत जायचो सगळी.
आता लावणीचं मशीन येतं तासाच्या भाड्यानं
आणि लुमाण्णा बांधावर घड्याळ बघत बसतो.
वाईट म्हणत नाही मी.
पाठ माझीही धरायचीच.
पण कोण कुणाचं किती लागतं
ते तेव्हा लिहून ठेवावं लागत नव्हतं.

मेस्त्री गेले, उगादीच्या आधी.
शेवटी शेवटी हात थरथरायचा,
तार मी धरायची, आकडा ते म्हणायचे
डोळे मिटून.
पोरगा बेंगळुरात. दुकानाची चावी माझ्या हातावर ठेवली,
भाडं फोनवर टाका म्हणाला.
टाकते.
पाटी अजून मेस्त्रींच्याच नावाची.
पेंटर म्हणाला, खाली तुमचं नाव घालू, दोन्ही भाषांत,
पण जागा पुरायची नाही बघा.
राहू दे म्हटलं,
मोटरीला कुठं वाचता येतंय.

शाळा सुटली की धाकटी येऊन बसते,
सिरीजचा बल्ब लावते, काढते,
बल्ब लागला की ‘शॉर्ट!’ म्हणून ओरडते.
काल मोबाइल बघत म्हणाली,
आई, ह्याचं मशीन मिळतंय,
वेढे आपोआप मोजतंय.
केवढ्याला?
तिनं सांगितलं.
बघू म्हटलं. नाही म्हटलं नाही.
दोन मोटरींचे पैसे अडकलेत, ते आले तर
दसऱ्याला कदाचित.
आणि ह्या बोलण्यात माझा आकडा गेला.
हात तसाच हवेत, तार ताणलेली.
सगळं उसकटून पुन्हा पहिल्यापासून…
तोंडात शिवी आली होती, गिळली.

‘नलवत्तारु,’
मोबाइलमधनं डोकं वर न काढता पोरगी म्हणाली.

बरोबर होतं की नाही देव जाणे.
मी पुढं धरलं :
नलवत्तेळु.