साडेदहाला पाच

आमच्या खैरगावापासून समुद्र
कुठल्याही बाजूनं गेलं तरी लांबच.
तरी शाळेची घंटा साडेदहाला पाच वेळा वाजायची.
दोन, दोन, मग एकटा एक.

घंटा म्हणजे शकुंतलेच्या रुळाचा तुकडा,
जांभळीच्या फांदीला टांगलेला,
आणि वाजवणारा मोतीराम कुडमेथे,
वीस वर्षं नौदलात, आता चपराशी.

तपासणीचे साहेब आले, म्हणाले, साडेदहाला पाच कसे?
"साहेब, आठाले आठ. मंग नव्यानं मोजाचं,
अर्ध्या अर्ध्या तासाले एक वाढवत.
चार तासानं पुन्हा आठ, का पहारा बदलते."
कोणाचा पहारा?
"कोनाचा तरी असतेच."
साहेबांनी वहीत काय लिहिलं, कळलं नाही.
गाव मात्र शिकलं.
सात टोले पडले की निंदणाऱ्या बाया
पाठ सरळ करायच्या, पदरानं मान पुसायच्या.

विहिरीच्या बादलीला त्यानं एक गाठ दिली होती.
सुटत नाही, आवळतही नाही.
वासराच्या गळ्यात घातली तरी
वासरू खुशाल दावं ओढत बसतं.
"हे माही नाही," तो म्हणायचा.
"मले एका मल्याळी म्हाताऱ्यानं देल्ली,
त्याले त्याच्या वस्तादानं.
आता तू धर. हात उलटा कर, पोरी.
उलटा म्हंजे तसा नाही."

एकाच गोष्टीवरून त्याचं गावाशी बिनसायचं.
जहाजावर शीळ घालायची नसते,
शीळ घातली की वारा येतो.
आणि आमच्या खळ्यावर, तूर उफणताना,
तिवईवर चढलेला प्रत्येक माणूस
वारा यावा म्हणूनच शीळ घालतो.
तो कान झाकून घराकडे चालू लागायचा.

एका वर्षी तीन दिवस पान हललं नाही.
सूप डोक्यावर धरून हात भरून आले,
भुसा आणि दाणे सोबतच खाली पडायचे.
तिसऱ्या संध्याकाळी तो आला,
पेटीच्या तळातली चांदीची शिट्टी घेऊन,
जिच्यावर जहाजात साहेबांना चढवतात, उतरवतात.
तोंड दुसरीकडे फिरवून त्यानं ती वाजवली,
बारीक, लांब, शेवटी वर चढत गेलेली.
वारा आला की नाही,
यावर पारावर अजून भांडणं होतात.
माझ्या डोळ्यांत भुसा गेला होता, एवढं मी सांगू शकते.

मला त्यानं शेवटचं शिकवलं ते असं:
मानूस गेला का आठ.
मेला म्हनाचं नाही. पहारा संपला म्हनाचं.

तो गेला माघात, दुपारी सव्वातीनला.
मी शाळेत धावत गेले,
बोल्ट उचलला, आणि मारले.
दोन. दोन. दोन. दोन.
वेळ चुकीची होती, टोले बरोबर होते.
वावरातल्या बाया उभ्या राहिल्या.
कोणी मोजलं नाही,
सगळ्यांना कळलं.

मग मी तिथंच जांभळीखाली बसून राहिले,
आणि चार वाजले.
चारला आठच पडतात.
हात उचलवेना.
गुरुजी दारात आले, काही बोलले नाहीत,
घड्याळाकडे बघून आत गेले.

मारले.
जांभळीवरचे पोपट उडाले,
एक वासरू दाव्यासकट उठून उभं राहिलं,
आणि गाठ
नव्हती सुटली.