छत्तीस

मनगटावर बोट ठेवायचं नाही, केर्टू म्हणाली,
गळ्यावरही नाही.
फक्त आत लक्ष द्या आणि मोजा.
मग तिने मला नळकांड्यात सरकवलं,
राईचा पाव भट्टीत सरकवावा तसं.

वय एकोणऐंशी. उंची होती त्याहून तीन सेंटीमीटर कमी.
राहणार तार्तू, जन्म हियुमा बेटावर.
हे सगळं फॉर्मवर आहे.

पंचेचाळीस सेकंद.
मी मोजले छत्तीस.
यंत्राने मोजले चोपन्न.

ही परीक्षा नाही, केर्टू म्हणाली,
नापास झालेल्यांना म्हणतात त्या आवाजात.

मला आधीच ठाऊक होतं.
पोटात कावळे ओरडायचे ते दिवस गेले,
फांदी कधी मोकळी झाली कळलंच नाही.
रेडिओवर बाराच्या बातम्या लागल्या की मी बटाटे सोलते.
सकाळी पाण्याचे दोन पेले खिडकीत मांडते,
संध्याकाळी ते तसेच भरलेले.
मूत्राशय तेवढं इमानी.
त्याचा निरोप येतो तारेसारखा, तातडीचा,
आणि नेमकी मी बसमध्ये चढलेली असते.

पडद्यावर माझा मेंदू, करडा,
मधोमध चिरलेल्या कोबीसारखा.
या घडीच्या आत एक बेट आहे, केर्टू म्हणाली,
आम्ही बेटच म्हणतो त्याला.
धडधड, भूक, कळ, सगळं आधी तिथं उतरतं,
मग पुढे जातं, या धाग्यांवरून.
उतारवयात काहींचे धागे विरळ होतात,
काहींचे नाही.
का, ते आम्ही शोधतोय.

पोरी, म्हटलं, बेटाचं मला सांगू नकोस.

आमच्या बेटापर्यंत हिवाळ्यात समुद्रावरून रस्ता व्हायचा.
सव्वीस किलोमीटर नुसतं बर्फ,
कडेने रोवलेल्या जुनिपरच्या फांद्या.
सीटबेल्ट सोडून बसायचं, दार चटकन उघडता यावं म्हणून.
हळू चाललं तर चालतं, जोरात चाललं तर चालतं,
मधल्या वेगात मुळीच नाही:
खाली पाण्याची लाट उठते आणि बर्फ फोडते.
एंडेल, माझा नवरा, त्या बर्फाची जाडी मोजायचा,
रोज पहाटे, गिरमिटाने भोक पाडून.
बावीस सेंटीमीटर भरलं की रस्ता उघडा.

आताशा बरेच हिवाळे तो उघडत नाही.
बेट आहे तिथंच आहे.
माणसं आहेत, मेंढ्या आहेत.
फेरीबोट जाते वेळापत्रकाप्रमाणे,
माझ्या बाराच्या बटाट्यांसारखी.

छत्तीसचं मला रात्री सुचलं.

तीन आणि सहा, एकमेकांकडे पाठ करून.
भांडण झालं की आम्ही असेच निजायचो.
अबोला तोंडाचा, पाठीचा नाही.
त्याची पाठ माझ्या पाठीला लागलेली असायची
आणि तिच्यातून त्याचा ठोका यायचा,
स्की करणाऱ्या माणसाचा, संथ,
मिनिटाला अठ्ठेचाळीस.
नवीन डॉक्टर प्रत्येक वेळी घड्याळ हलवून बघायचा.

उठून दिवा लावला.
दुकानाच्या पावतीमागे हिशेब केला, पंचेचाळीस सेकंदांचा.
पुन्हा केला.

म्हणजे मी नीट ऐकलं होतं.
फोन दुसऱ्याच घरी लागला होता,
जिथं अकरा वर्षं कुणी उचलत नाही.

केर्टूला कळवलं नाही.
ती ते चूक म्हणूनच लिहील,
आणि तिचं बरोबर आहे.

आता स्वयंपाकघरात उभी आहे.
आत काहीतरी हललं.
भूक असेल. थंडी असेल.
कदाचित एखाद्या गोष्टीचा राग, जी मला आठवत नाही.
नाव येईपर्यंत थांबते.
नाव येत नाही.

खिडकीतला पेला उचलते. पाणी काचेच्या गारव्याने गार.
पहिला घोट उतरताना कळतो,
गळ्याशी, मग छातीच्या मध्यापर्यंत.
त्याच्यापुढे त्याचं काय होतं, माहीत नाही.
दुसरा घोट घेते.