मचूळ

बॉनमध्ये जूनच्या रात्री दहापर्यंत उजेड रेंगाळतो,
त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही
परिच्छेद सतरावर किती वेळ गेला ते.
माझं काम टंकायचं. मत द्यायचं नाही.
भिंतीवरच्या पडद्यावर उमटतं ते माझ्या बोटांतून येतं,
आणि ज्यावर एकमत नाही
त्याला मी चौकटी कंस घालते :

[पाणी]

एक म्हणाला, हे 'क्षेत्रे' या शब्दात आलेलंच आहे.
दुसरा म्हणाला, नद्या आमच्या डोंगरात उगम पावतात,
आधी [सीमापार] काढा, मग बोलू.
काढलं.
तिसऱ्याला राजधानीला विचारायचं होतं
आणि राजधानीत पहाटेचे तीन वाजले होते.
मग पाणी सतरातून तळटिपेत गेलं,
तळटिपेतून थेट वर, प्रस्तावनेत,
जिथे सगळ्यांना सगळ्याचीच काळजी असते.
उताराकडे जातं ते पाणी, असं शाळेत शिकले होते मी.

ओरहान तासातासाने येऊन ग्लास भरायचा.
"बुडबुड्यांचं, की साधं?"
संध्याकाळभरात हा एकच प्रश्न,
ज्याचं उत्तर कुणी राजधानीला न विचारता दिलं.

आर खोऱ्यात माझ्या भावाच्या तळघरात
चिखलाची रेघ अजून आहे, माझ्या खांद्याला लागेल इतकी.
रंग काढू देत नाही तो भिंतीला.
ती रेघ मला टंकता येत नाही.

बाराला दहा कमी असताना
नोनौती बेटावरच्या नेई तेरेंगाने हात वर केला.
"आमच्या जमिनीखाली गोड्या पाण्याचा पापुद्रा आहे,
कोवळ्या शहाळ्यातल्या मलईएवढा,
खाऱ्यावर तरंगणारा.
बादली आम्ही अलगद सोडतो.
आपटली, तर खालचं जागं होतं.
मागच्या वर्षी साबणाला फेस येईना.
मग चहा बिघडला.
मग खड्ड्यांतल्या बाबाईची पानं कडेने करपली,
तुमच्याकडे बटाटा तशी आमच्याकडे बाबाई.
मग भाचीच्या बाळाने बाटली तोंडातून ढकलली.
ते खारट नव्हतं.
खारट असतं तर समुद्र आला म्हटलं असतं,
आणि समुद्राबद्दल तुमच्याकडे चार परिच्छेद आहेत.
ते मचूळ होतं.
या चवीला तुमच्या मसुद्यात शब्द नाही."

अध्यक्षांनी आभार मानले.
"हीच सूचना नेमक्या भाषेत मांडाल का?"

तिने ग्लास उचलला. प्यायली नाही.
"मी नेमक्याच भाषेत बोलले."

कर्सर लुकलुकत राहिला
कंसाच्या आत, माशाच्या कल्ल्यासारखा.
मी काही टंकलं नाही. सांगितलंच नव्हतं कुणी.

दीड वाजता कोपऱ्यात चार माणसं उभी राहून कुजबुजली
आणि एक वाक्य घेऊन आली :
'जलसंबंधित आव्हाने, यथोचित'.
या 'यथोचित'मध्ये नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं,
पण झोप सगळ्यांनाच आली होती.
नेई तेरेंगाला म्हणाले, आता मूळ शब्दाचा आग्रह सोडा.
म्हणजे हक्कावर पाणी सोडा.
त्याला आधी ओंजळीत पाणी लागतं,
हे त्या खोलीत कुणालाच सुचलं नाही.
ती गप्प बसली.
गप्प बसणं संमती धरतात, असा नियम आहे.
मी कंस काढले.
टाळ्या झाल्या.

पुलावरून चालत घरी आले.
ऱ्हाईन इतकी उतरलेली, की
अर्धीच भरलेली कोळशाची बोट
तळ चाचपडत जात होती.
काठावर एरवी न दिसणारे दगड वर आले होते,
आणि त्यांच्यावर एक बगळा, खिन्न वगैरे नव्हे, नुसताच भुकेला.

बेसिनशी हात धुवायला उभी राहिले.
साबणाला लगेच फेस आला,
पांढरा, भरघोस, मनगटापर्यंत.
नळ वाहत होता
आणि तो फेस कुठे धुवून टाकावा
ते मला बराच वेळ कळेना.