न दिसल्याचं तिकीट

आबा, तिकडे बोटीत बसण्याआधी
अंगावर एक नारिंगी पोतं चढवतात,
मानेपासून घोट्यापर्यंत.
पडलीस तर तरंगशील, म्हणाले,
पण आम्ही लगेच काढायला हवं.
उणे अकरा होतं त्या दिवशी.
जानेवारीत सूर्य वर येतच नाही तिथं,
दुपारी बाराला फक्त
निळीत बुडवून पिळलेलं आभाळ.

आबा दोर गुंडाळत ऐकतात.
बामणोलीत मे महिना. पाणी इतकं हटलंय
की लाँचपर्यंत जायला चिखलात फळ्या टाकल्यात.
"किती पैसं घेतलं?"
मी रुपयांत सांगते.
आबा दोर खाली ठेवतात.
"येवढ्यात मी वासोट्याला चार येळा नेऊन आनलं असतं.
अख्खी लाँच भरून."

"मग, दिसला?"

पहिल्या दिवशी नाही.
तीन तास नुसत्या लाटा, आल्याची बिस्किटं,
एक जर्मन म्हातारा माझ्या बुटांवर ओकला.
बाई कर्ण्यातून ओरडायची, दोन वाजता! नऊ वाजता!
वेळ नाही हो, दिशा. बोटीचं नाक म्हणजे बारा.
सगळे त्या अंगाला धावायचे, बोट कलायची,
आणि तिथं पाणी असायचं.
उतरताना तिनं प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली:
दिसला नाही, तर पुन्हा या. फुकट.

आबा हसले ते थांबेचनात.
"आरं मारुत्या, हिकडं ये,
न दिसल्याचं तिकीट देत्यात तिकडं!
आन् आपल्याकडं ते पुन्याचं दोघं,
वाघ दिसला न्हाई म्हनून भांडलं माझ्याशी.
म्हनलं, वाघानं तुमास्नी बघितलं की.
त्येचं कुटं जादा लावलं?"

दुसऱ्या दिवशी आला.
आधी आवाज. मेढ्याच्या स्टँडवर
एसटी उभी राहताना हवा सोडते, तसा.
मग वास, नासलेल्या मासळीचा, थेट तोंडावर.
मग पाठ.
काळी, ओली, संपतच नव्हती.
बाईनं कर्णा खाली केला.
शेपूट उभी राहिली, तिच्यावरून पाणी ओघळलं,
आणि समुद्रानं झाकण लावून घेतलं.
फोटो नाही काढला. भारावले वगैरे नव्हते,
हातमोजा निघेना.

"काय म्हनत्यात त्येला आपल्यात?"
देवमासा.
आबा तो शब्द दोनदा तोंडात घोळवतात.
मग मोटर सुरू करतात,
मला हातानंच बस म्हणतात.
पट्टा तुटलेलं जाकीट माझ्या मांडीवर.

जुन्या वाघळीच्या वर येऊन मोटर बंद.
इथं खाली आमचं घर.
पाणी चढलं तेव्हा आबा पाच वर्षांचे,
म्हशीच्या पाठीवरून डोंगर चढलेले.
भैरोबा टेकाडावर होता. त्याला उचलायला गेले
तर गुरव म्हणाला, ऱ्हाऊ द्या, त्यो आपला आपन येईल.

"लोकं परीक्षेपायी, कोर्टापायी
देव पान्यात घालून बसत्यात," आबा म्हणतात.
"आमी तर साठ वरसं बसलोय."
कशापायी, ते सांगत नाहीत.
बिडी काढतात, पेटवत नाहीत.
"परत कवा येनार?"
मी पाण्यात हात घालते. कोमट आहे.
सुट्टीचं बघते, म्हणते.

मोटर थंड होताना टिकटिकत राहते.
कुठंतरी पल्याड पोरं पोहतायत,
त्यांची ओरड पाण्यावरून उशिरा पोचते.
"धा वाजता," आबा हळूच म्हणतात.
मी आधी त्यांच्या घड्याळाकडे बघते,
मग वळते.

काही नाही. पाणी.
पाण्याच्या मधोमध एक पाणकावळा,
पंख पसरून वाळवत.
तरंगत नाहीये तो.
उभा आहे.
पावलं तेवढी बुडालीत.

"आजून दोन हात उतराय पायजे," आबा म्हणतात,
आणि आम्ही दोघं
त्याच्या पायांखाली बघत बसतो.