चार सेकंद

एल आल्तोच्या बाजारात दर गुरुवारी
मी निळी ताडपत्री अंथरतो
आणि कॅल्क्युलेटर उताणे मांडतो, ऊन खायला.
चार हजार मीटरवरचं ऊन. माझं नाक सोलतं,
सौर पट्टीवाल्यांना मात्र मानवतं.
मेलेले डावीकडे. जिवंत उजवीकडे.
ज्यांचा भरवसा नाही ते माझ्या मांडीवर.

दोन्या फोर्तुनाता आली तेव्हा भवानी व्हायची होती.
पाठीवर आग्वायोत बांधलेलं चुन्योचं ओझं,
मागे लेक, लिसेथ,
अभियांत्रिकीला परवाच नाव लागलेली,
बुटांच्या टोकांकडे बघत.
"हिला ते मोठ्या गणिताचं द्या.
साधं गणित घरात आहे," म्हणाली,
आणि कपाळाला बोट लावलं.

मी आधी आलेख काढणारा पुढे केला.
माणूस आधी महागाचंच दाखवतो.
"तो परीक्षेला चालत नाही," पोरगी पुटपुटली.
आईने किंमत ऐकली आणि हसली:
"एवढ्यात मेंढी येते. मेंढी वितेसुद्धा."

मग कोऱ्या खोक्यातला, झगझगीत, स्वस्त.
पोरीने दाबलं: दोन अधिक तीन गुणिले चार.
पडद्यावर वीस.
आई वाकली. "दोन सुटे,
आणि तीन पिशव्यांत चार-चार.
वीस कुठून आले?"
मी तो मुकाट्याने डावीकडे ठेवला.

उरला मांडीवरचा.
पाठीला चिकटपट्टी, एका बटणावरची अक्षरं पुसलेली,
झाकणाच्या आत खिळ्याने कोरलेलं कुणाचं तरी नाव.
पण पोटात सगळं: सारणी, लॉग, काल्पनिक संख्या.
"साडेसदतीस किलो बटाटा," बाई म्हणाली,
"पाचाला एक चुन्यो, किलोला अठरा."
आणि पोरीचं बोट बरोबरच्या चिन्हाशी पोचायच्या आत
स्वतःच म्हणाली, "एकशे पस्तीस."
एकशे पस्तीस, यंत्र म्हणालं.
तिने मान हलवली. मास्तरीण हलवते तशी.

"आणि हा लांबुडका कोण?
खाटकाच्या हुकासारखा?"
मी गप्प.
तिसऱ्या सहामाहीत मी ह्याच हुकाला अडकलो होतो,
तिथून थेट ह्या ताडपत्रीवर.

लिसेथने पहिल्यांदा मान वर केली.
"जे सारखं बदलतं, त्याची बेरीज."
"म्हणजे?"
"म्हणजे रात्रभराची थंडी, मामा.
संध्याकाळी थोडी, पहाटे खूप.
बटाट्यात एकूण किती मुरली, ते."
बाई जरा वेळ बोलली नाही.
"ते मला तुडवताना तळपायाला कळतं," म्हणाली.
आणि मग, "पण कर. बघू."

पोरीने काहीतरी लांबलचक घातलं.
पडदा कोरा झाला.
एक.
दोन.
शेजारच्या गाड्यावर कुणीतरी स्क्रू मोजत होतं.
तीन.
ह्याच रोगासाठी तो माझ्या मांडीवर होता,
आणि हे मी सांगितलं नव्हतं.
चार.
आकडे उमटले, नऊ-दहा, दाटीवाटीने.
पोरीने वहीत पाहिलं. "बरोबर."

मी तोंड उघडणार, जुना आहे, थोडा सावकाश,
तर बाईच म्हणाली,
"विचार करून बोलला.
पटकन बोलणाऱ्याशी मी व्यवहार करत नाही."

सत्तर म्हटलं. पंचेचाळीस म्हणाली.
अठ्ठावन्नला तुटलं, आणि वर यापा हवाच:
दोन सेल दिले, नवे.
तिने आग्वायो सोडला
आणि ओंजळभर चुन्यो माझ्या टोपीत ओतला.
काळा, हलका, खडखडणारा.
"हा माझा यापा," म्हणाली. "भिजवायला विसरू नका."

आता कुणी विचारलं, हा हुक कशाचा,
तर मी सांगतो: थंडी मोजायचा.
आणि दहा जास्त मागतो.