छाट

विडी घरकुलात दुपारी तीनला
पत्रा तापून टकटक वाजतो तेव्हा
नरसम्मा सूप मांडीवरून उतरवते.
सातशे झाल्या, तीनशे उरल्या.
उरू देत.

तेंदूच्या पानांची कात्रणं
पूर्वी सरळ चुलीत जायची.
आता बिस्किटाच्या डब्यात साठतात.
त्याच कात्रीनं, पण पत्र्याच्या मापाशिवाय
ती बगळा कापते,
कंबर तलावावरचा, एका पायावरचा,
तेवढंच काम कमी.

‘अत्तम्मा, याचे किती मिळतात?’
सून विचारते.
ती मान हलवते,
हो की नाही ते सुनेला कळत नाही.

कारखान्यात चेकर रोज मूठभर छाट काढतो,
तिच्यासमोरच मोडून टाकतो.
या बगळ्याची मान जाड झालीये.
असू दे.

एवढ्यात शेजारचे माग थांबतात.
लाइट गेली.
इतकं शांत, की तिला
स्वतःचा श्वास ऐकू येतो,
तंबाखूनं खरखरलेला,
आत जाणारा, बाहेर येणारा.
पंचावन्न वर्षं हा इथंच होता म्हणायचा.
ती ऐकत बसते,
पाहुण्याचं ऐकावं तशी,
मध्ये न बोलता.

खटक खटक.
लाइट आली.
सूप मांडीवर. सातशे एक.
बगळ्याला चोच राहिलीये.